लाखोरीची भाकरी

आधी डोमाजींचं नाव लिहितो, मग बाकीचं.

डोमाजी म्हणजे केशोरीच्या पिठाच्या चक्कीच्या ओट्यावर बसून फाटकी पोती शिवणारा म्हातारा माणूस. दोन काठ्यांवर चालतो. चालताना गुडघ्याला गुडघा घासतो, टाचा भुईला टेकत नाहीत, आणि एक पाय दुसऱ्याच्या वाटेत येतो. हा माणूस केशोरीहून गोंदियापर्यंत एकटा आला, बस बदलून, आगगाडीत चढून, लोकांना हात मागत. दवाखान्यात माझ्या खाटेशी उभा राहिला आणि मला एक गोष्ट विचारली. त्या विचारण्यानं मी वाचलो. पाय वाचले नाहीत, पण मी वाचलो.

मी ज्ञानोबा, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. शाळा पाचवीत सुटली. एवढं लांब कधी लिहिलेलं नाही. ज्या डॉक्टर मॅडमनी मला तपासलं त्यांनीच ही वही दिली. म्हणाल्या, "पाय जड पडलेला एखादा माणूस माझ्याकडे आला, तर त्याला हे वाचायला देईन. जे झालं ते लिही. लपवलंस तेही लिही."

म्हणून लपवलेलंही लिहितो आहे.

भाताच्या मुलखात

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्याआधी मी आणि माझी बायको सुमन जोडीनं ऊसतोडीला जायचो. मुलगी पूजा शाळेच्या वयाची झाली तेव्हा सुमन म्हणाली, "आता एकानं घरी राहायचं. पोरगी फडावरच्या कोप्यांमधी वाढायची न्हाई." मग ती घरी राहिली आणि मी विजेच्या मोठ्या टॉवरच्या कामावर गेलो. आमची गँग हिंडत हिंडत केशोरीजवळ पोचली.

उन्हाळ्याच्या तोंडाला गँग छत्तीसगडच्या बाजूला पुढे गेली. इथं लोखंडी अँगलचे ढीग आणि तारांचे मोठे ड्रम उरले. ते राखायला एक माणूस पाहिजे होता. मी राहिलो. पत्र्याची एक खोली, चूल, कंदील, आणि चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं.

मला भाताची सवय नव्हती. भातानं पोट भरतं, पण जेवलो असं वाटत नाही. दोन तासांनी पुन्हा पोकळ. आमच्याकडे माणूस जेवला का असं विचारत नाहीत, भाकरी खाल्ली का विचारतात. केशोरीच्या बाजारात मी दोनदा जोंधळा शोधला. एकदा मिळाला तो किडका. दुकानदार हिंदीत म्हणाला, "यहाँ चावल खाओ भैया, चावल." मी खाल्ला. रोज खाल्ला. पण सकाळी डोळे उघडले की आईच्या हातचा भाकरी थापायचा आवाज कानात यायचा आणि दिवसभर चैन पडायचं नाही.

शेजारचं शेत हेमराजभाऊंचं. सभ्य माणूस. माझी चौकशी करायचे, सणाला ताट पाठवायचे. या भागात धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात. धान निघाला की मागून ती आपोआप वर येते. नांगरट नाही, पाणी नाही. फाल्गुनात ती निघाली. मी काढणीला, मळणीला त्यांना हात दिला. त्यांनी मला एक पोतं लाखोरी दिली.

त्यांच्या घरच्या वहिनींनी बजावलं होतं, "वरन कराचा असन तं आधी उकडजो, तो पानी फेकजो, मंग दुसऱ्या पान्यात शिजवजो."

"काऊन फेकाचा?" मी त्यांच्याच बोलीत हसत विचारलं.

"आमची सासू फेके, आमी बी फेकतो," त्या म्हणाल्या.

वरण करायचं असेल तर पाणी फेकायचं. मी वरण करणारच नव्हतो. माझ्या डोक्यात दुसरंच आलं होतं. डाळच आहे, हरभऱ्यासारखी, मग तिचं पीठ का करू नये?

पिठाचं पाणी कसं फेकणार, हे मला सुचलं नाही. गावात दुसऱ्या कुणाला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं, कारण इथं आता कुणी तिची भाकरी थापत नव्हतं.

चक्की

चक्कीवाल्यानं डबा घेतला, आत पाहिलं आणि हळूच म्हणाला, "लाखोरी होय का? बाजारात नाव नोको घेजो. विकाले बंदी हाय तिची."

"मी विकत न्हाई, खायलोय."

"खाना. खानाऱ्याले कोन काय म्हनते?"

ओट्यावर डोमाजी पोतं शिवत बसले होते. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि पुन्हा पोत्यात सुई घातली. मीही त्यांच्या पायांकडे बघून नजर वळवली. आपल्याला काय करायचं, असं मनात आलं. हे मी आता लिहितो तेव्हा लाज वाटते.

लाखोरीच्या पिठाला विरी नसते. जोंधळ्याचं पीठ कसं हाताखाली पसरत जातं, हे फुटतं. मी कढत पाणी घातलं, मूठभर तांदळाचं पीठ मिसळलं, थापली. कडा चिरल्या. तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. पिवळट, जाड, पण भाकरी. मिठात वाटलेल्या मिरचीशी खाल्ली. दाराशी उकिडवा बसून खाल्ली आणि डोळे भरून आले ते मिरचीनं असं स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात सुमनला फोनवर सांगितलं, "आता मला इथं भाकरी मिळायलीय."

"कोण थापतंय?" तिनं विचारलं.

"मीच."

ती खूप हसली. गँगमधला गावचा एक माणूस सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर पाच-सहा किलोची पिशवी घरी पाठवली. पूजाला वरण करून घाल म्हणालो.

मग सकाळ, दुपार, संध्याकाळ तीच भाकरी. भाजी आणायचा कंटाळा. एकट्या माणसाला मिरची पुरते. होळीपासून रोवणीपर्यंत, म्हणजे धान लावायच्या हंगामापर्यंत, मी दुसरं जवळजवळ काही खाल्लं नाही.

आधी पोटऱ्या

आधी पोटऱ्यांत गोळे यायला लागले. रोवणीच्या दिवसांत मी हेमराजभाऊंच्या बांधीत मदतीला जायचो, वाटलं चिखलानं होत असेल. मग पाय जड झाले. सकाळी उठताना कुणी त्यांना ओली पोती बांधल्यासारखे. लघवी आली की थांबता येईना. हे कुणाला सांगायचं?

एक दिवस धुऱ्यावरून जाताना, म्हणजे बांधावरून, पायात पाय अडकून मी सरळ चिखलात पडलो. रोवणीच्या बाया सरळ झाल्या आणि एक म्हणाली, "चौकीदार सकारीच लावून आला का गा?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. उठायला गेलो तर उठवेना. तेव्हा त्या हसायच्या थांबल्या.

दारू मी आयुष्यात घेतलेली नाही. पण पुढच्या पंधरा दिवसांत मी जसा चालायला लागलो, ते बघून कुणालाही तेच वाटलं असतं. टाचा वर उचलल्या गेल्या. गुडघे एकमेकाला चिकटले. चप्पल पायात राहीना. ड्रमांभोवती फेरी मारायची तर हात टेकत टेकत. शेवटी हेमराजभाऊ म्हणाले, "हे काई बरा नाई दिसत. चाल, गोंदियाले जाऊ." त्यांनी मला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे गडी बसवला, आणि बसस्टँडवर आणलं.

गुरुवार

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नागपूरहून मेंदूच्या डॉक्टर मॅडम गुरुवारी यायच्या. मी तीन दिवस त्यांची वाट बघत पडलो होतो.

त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय असा उडाला की त्या मागे सरकल्या. तळपाय वर ढकलून धरला, तर तो आपोआप थडथड हलत राहिला. मी हात लावून थांबवला. मग विचारणं सुरू झालं. फवारणी करतोस? नाही. बॅटरीच्या, शिशाच्या कारखान्यात होतास? नाही. घरात कुणाला असं? नाही. पाणी कुठलं पितोस? हेमराजभाऊंच्या विहिरीचं, ते सगळे पितात.

"खातोस काय?"

इथं मी खोटं बोललो.

हेमराजभाऊ माझ्या उशाशी उभे होते. माझ्या डोक्यात चक्कीवाल्याचं बोलणं आलं, बंदी हाय तिची. ही लाखोरी कुणी दिली असं कागदावर आलं, तर ज्यानं मला इथवर आणलं त्याच्या दारात कुणी चौकशीला जाईल. पोलीस, सरकार, कोण जातं ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "सगळे खातात तेच, मॅडम. वरण-भात."

त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग त्या स्टुलावर बसल्या. उभ्या डॉक्टरांचं मला भय वाटत नाही, बसलेल्या डॉक्टरांचं वाटतं. त्यांनी मोटर न्यूरॉन असा शब्द सांगितला. मेंदूकडून हातापायाला हुकूम नेणाऱ्या नसा असतात, त्या मरत जातात, म्हणाल्या. नक्की सांगायला नागपूरला सुयांची तपासणी करावी लागेल. पण तोच असला तर तो पायांवर थांबत नाही.

"मंग कुठं जातो?"

"वर. हात, मग बोलणं, गिळणं. शेवटी श्वास."

"औषध?"

"बरं करणारं नाही. असं का होतं तेही सगळं माहीत नाही. काही विषांचा, फवाऱ्यांचा संशय घेतात, म्हणून मी इतकं खोदून विचारलं."

हेमराजभाऊंनी खिडकीकडे तोंड केलं. मी मॅडमना विचारलं, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ती किती मोठी होईपर्यंत? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या गुरुवारी बोलू म्हणाल्या.

पेला

दवाखान्यात सहाला चहा, सातला झाडू, आठला चादरी. झाडूवाली मावशी छत्तीसगडची होती. "उठ बेटा, आधा उठ, आधा मैं उठाती हूँ," असं म्हणून चादर माझ्याखालून इतक्या सफाईनं ओढायची की मला पडल्यासारखं वाटायचं नाही. लघवीचं भांडं तिनं कधी नाक मुरडून उचललं नाही. तिचाही मी ऋणी आहे.

माझं स्वतःचं वेगळंच वेळापत्रक झालं. जाग आली की आधी पेला उचलायचा. उजव्या हातानं, मग डाव्या. हलतो का बघायचं. मग स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा मोठ्यानं म्हणायचं. जीभ अडखळते का बघायचं. मग पाण्याचा घोट, ठसका लागतो का. मग श्वास धरून आकडे. काल तीस झाले होते, आज अठ्ठावीस झाले की संपलं, चढायला लागलं. पुन्हा धरायचो. पस्तीस झाले की जीव खाली पडायचा. शेजारच्या खाटेवरचा एक माणूस म्हणाला, "पहाडे याद कर रहे हो क्या?"

निरोप मिळाल्यावर सुमन तिसऱ्या दिवशी पोचली. पूजाला माझ्या आईजवळ ठेवून, दोन गाड्या बदलून, एकटी. आली ती रडली नाही. माझे पाय उघडून बघितले, चोळायला लागली. पाय ताठ, लाकडासारखे. चोळता चोळता म्हणाली, "घरी चला."

"घरी काय करू? खाटेवर पडून मरू?"

"हितं तरी काय करायलाव? मोजायलाव."

मी चिडलो. म्हणालो, तुझ्या भावासोबत ऊसतोडीच्या कोयत्यावर जायला तू मोकळी होशील. असलं घाणेरडं बोललो. तिनं डबा उघडला. घरून भाकरी आणली होती, दोन दिवसांची, वाळलेली, फडक्यात बांधलेली. तोडून पाण्यात बुडवून मला भरवली. मी लहान पोरासारखा खाल्ली. जोंधळ्याची होती.

डोमाजी

बुधवारी दुपारी वॉर्डाच्या दारात काठ्यांचा आवाज आला. दोन काठ्या, मग घसटत येणारे पाय. सगळा वॉर्ड बघायला लागला. मला वाटलं कुणी पेशंट. जवळ आले तेव्हा ओळखलं, चक्कीच्या ओट्यावरचा म्हातारा.

सुमननं त्यांना स्टुलावर बसवलं. ते घामानं भिजले होते. बसल्यावर आधी माझ्या पायावरची चादर त्यांनी स्वतः बाजूला केली आणि पायांकडे बघत राहिले. आरशात बघावं तसे.

"लाखोरीच खात होतास का गा? दुसरा काईच नाई?"

मी चादर परत पायांवर ओढली.

"सांग ना बे. मी इतल्या दूर कायले आलो?"

"भाकरी करायचो तिची," मी म्हणालो. "तीन टाईम."

त्यांनी डोळे मिटले. मग बोलायला लागले ते थांबले नाहीत.

"हेमराज काल चक्कीवर आला. सांगे, चौकीदाराचे पाय गेले, डाक्टर म्हनते वाचत नाई. मी इचारलो, चालते कसा तो? तं हेमराजनं चालून दाखवला. मी म्हनलो, हा तं मी होय." त्यांनी आपल्या गुडघ्यावर चापट मारली. "मी सालदार होतो, इशीतला पोट्टा. दुष्काळाचा साल. मालक उनाळाभर लाखोरीच देये, दुसरा होताच काय त्याच्या घरी बी? तिचीच रोटी, तिचाच वरन. एका सकारी बैल सोडाले उठलो तं पाय उठले नाई. लोक म्हनत वात होय, कोनी म्हनत कोनी केला. पन आमच्यातले चार जन एकाच साली बसले गा. चारी लाखोरीवाले."

"मग तुम्ही मला तेव्हाच..." मी बोललो आणि थांबलो.

"हो," ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच आलो. मी पायत होतो तुले. दर आठवड्याले डबा आने. मले वाटला पुऱ्या गँगचा बेसन होय. गँग गेलेली मले मालूम होती, तरी इचारलो नाई. इचाराले पायजे होता."

सुमन इतका वेळ उभी होती, ती खाली बसली. "ती पिशवी," ती म्हणाली. "अवं, ती पिशवी. मी पूजाला वरण घालायलेय तिचं."

त्या क्षणी मी पेला विसरलो, श्वास विसरलो. ती तशीच उठून दवाखान्यासमोरच्या फोनच्या दुकानात गेली आणि शेजाऱ्यांकडून आईला निरोप दिला, ती डाळ शेणात टाक. परत आली तेव्हा डोमाजी तिला म्हणाले, "पोरीले काई होत नाई, माय. आठवड्यातून एकांदा वरन, संगं भाजी, भाकर, तेच्यानं काई होत नाई. आमचा पुरा मुलूख खाते. दुसरा काई नसला मंगच ते पाय घेते."

तिला ते पटलं नाही. मलाही नाही. पण त्या दिवशी तेवढंच होतं.

दुसरा गुरुवार

डोमाजी रात्री वॉर्डाच्या व्हरांड्यात झोपले. सकाळी मॅडम आल्या तेव्हा ते माझ्याआधी बोलले. कनवटीची पुरचुंडी सोडून लाखोरीचे दाणे त्यांनी टेबलावर ओतले. छोटे, चपटे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे कोनेदार.

"हेच खाल्ला यानं. महिने-न-महिने. खोटा बोलला तुमच्याशी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि सांगितलं, का खोटं बोललो ते. हेमराजभाऊंचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला, पण ते कुणाला कळलं नसेल असं नाही.

मला वाटलं त्या रागावतील. त्या दाण्यांकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "शिकताना पुस्तकात वाचलं होतं. जुने रुग्णही पाहिलेत. पण नव्यानं असं कुणी माझ्यासमोर येईल असं वाटलं नव्हतं." मग डोमाजींना म्हणाल्या, "बाबा, तुम्ही खाटेवर बसा."

"मी? मी कायले?"

"बसा तर."

त्यांच्याही गुडघ्यावर हातोडी मारली. इतक्या वर्षांनीही तो पाय तसाच उडाला. त्यांनी त्यांचाही कागद केला. डोमाजींनी तो उलटा धरून बघितला आणि विचारलं, "का लिवला?"

"यानं खाल्लं आणि तुम्ही खाल्लं, दोघांचं एकच लिहिलंय. लाखोरीनं गेलेले पाय. वात नाही, करणी नाही."

त्यांनी कागद चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. पुन्हा काढून बघितला. पुन्हा ठेवला. आयुष्यभर लोकांनी काहीही नाव दिलेल्या गोष्टीला आज खरं नाव मिळालं, तेव्हा माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. आनंद नव्हता तो. बोलले एवढंच, "बाकीचे तिघं मेले. त्याइले नाई मालूम झाला."

मॅडम मला म्हणाल्या, "हे लाखोरीचं असेल तर ते वर चढत नाही. जिथं आहे तिथं थांबतं. पण पाय परत देतही नाही, थोडा ताठपणा गोळ्यांनी कमी होईल. आणि मी आज शपथेवर सांगू शकत नाही. नागपूरला तपासणी करू. आणि सहा महिने बघू. हात चांगले राहिले, तर समज हेच आहे."

नागपूरला सुया टोचल्या. हात चांगले निघाले. पण खरी तपासणी ते सहा महिने होते.

सहा महिने

ते कसे गेले हे लिहिता येत नाही. पाटोद्याला परत आलो होतो. रोज सकाळी पेला. रोज नाव, गाव, तालुका. एकदा थंडीनं बोटं आखडली तर दिवसभर जेवलो नाही. सुमन म्हणाली, "आज मी पण आखडलेय, थंडीच हाय." मी ऐकलं नाही.

आणि पूजा. आम्ही दोघं अंगणात फरशीची रेघ धरून तिला टाचांवर चालायला लावायचो. तिला खेळ वाटायचा. "अजून?" विचारायची आणि चालायची. मी पायाकडे बघायचो, सुमन माझ्या तोंडाकडे. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुमाला येत नाही म्हणून मला का चालायला लावता?" त्यानंतर आम्ही ते थांबवलं. तिला काहीही झालं नाही. आता ती शाळेच्या खोखोत आहे.

सहा महिने झाले. पेला हलला नाही. मॅडमनी पुन्हा सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "थांबलंय." मी विचारलं, नक्की? म्हणाल्या, "नक्की." बाहेर येऊन मी बाकावर बसलो. सुटलो असं वाटेल असं धरून चाललो होतो. तसं वाटलं नाही. मरणार नाही हे कळल्यावर पहिल्यांदा पाय गेल्याचं दुःख झालं. तोवर त्याला जागाच नव्हती.

परत केशोरी

गावात बसून करायचं काम नव्हतं. ऊस उभ्यानं तोडतात. माझा भाऊ चांगला, पण मी भार झालोय हे त्याच्या तोंडावर दिसायचं. पाराजवळून जाताना बोलणी थांबायची, माझे पाय पुढे जाईपर्यंत.

डोमाजींचा निरोप आला, हेमराजभाऊंच्या फोनवरून. "चक्कीवर बसाचा काम हाय. मले आता सुई दिसत नाई."

सुमन भांडली. "पाय गेले, घर न्हाई गेलं. कशाला परक्या मुलखात?" मी तिला खरं कारण सांगितलं. केशोरीत चाळीस वर्षं लोकांनी असं चालणं बघितलंय. तिथं माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. ती उठून माझी पिशवी भरायला लागली. अजून वर्षातून एकदाच घरी जातो. हे बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही.

आता ओट्यावर आम्ही दोघं बसतो. मी शिवतो, ते दोरा ओवून मागतात आणि सुई हरवली म्हणून मला शिव्या देतात. डब्यात काय दळायला आलं हे आम्ही दोघंही बघतो. लाखोरी आली की डोमाजी विचारतात, "काय करतेस हिचा?" वडे, बेसन, काहीही असलं की ठीक. एकदा वीटभट्टीवरचे नवरा-बायको लाखोरी दळायला आले. म्हणाले रोट्या करतो. त्या दिवशी मी काठ्या घेऊन ओट्यावरून उतरलो आणि त्यांना चालून दाखवलं. त्यांनी अर्धी लाखोरी काढली, डब्यात तांदूळ घातला आणि ते दळून नेलं.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं. लाखोरीला घाबरू नका, ती या मुलखाची डाळ आहे. पण एकच एक धान्य पोटात महिनोन्महिने घालू नका. आणि डॉक्टर खाण्याचं विचारतात तेव्हा कुणाला वाचवायला खोटं बोलू नका. हेमराजभाऊंच्या दारात कुणीही आलं नाही. माझ्या खोट्यानं त्यांचं काही वाचलं नाही, आणि माझा तो आठवडा मरणात गेला.

शेवटचं

डोमाजींनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागच्या हिवाळ्यात शेकोटीशी बसलो असताना एकदाच म्हणाले, "जिच्यासाठी तू पाय घालवलास, ते जवारीची भाकर लागते तरी कशी, ग्यानबा?"

मी गावाहून पीठ आणलं. इथं पोचेस्तोवर जुनं झालं, विरी गेली. थापली तर चिरत गेली, तव्यावर तुकडे झाले. त्यांनी ते तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "याच्यासाठी?"

मी हसलो, तेही हसले. पण मला ते लागलं. ती भाकरी अशी नसते.

डोमाजीकाका, ही वही मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे, म्हणून इथंच लिहितो. येत्या माघात जोंधळा निघेल तेव्हा मी तुम्हाला माझ्या घरी नेणार. दोन रेल्वे, दोन बस, आणि आपल्या दोघांच्या मिळून चार काठ्या. चढताना लोकांना हात मागू, तुम्ही माझ्यासाठी मागितले तसे. सुमन त्याच दिवशी दळलेल्या पिठाची थापेल. तुम्ही चुलीपुढं बसायचं, मी शेजारी बसेन. पहिली भाकरी तुमची.

आणि तुम्ही थकला असाल, माघाला नाही म्हणालात, तर त्याच्या पुढच्या माघाला. माझे हात चांगले आहेत, मॅडमनी सांगितलंय. तुम्हाला धरून चढवीन.